भोपळ्याची बिअर : इतिहास आणि आठवण

अमेरिकेंत सप्टेंबर लागला, कीं घरीं बिअर करणाऱ्या हौशी मंडळींत एक वाद दरवर्षीं नव्यानें रंगतो. शरदृतूसाठीं म्हणून जी तांबूस, मसालेदार ‘पंपकिन एल’ तेथें करितात, तींत तांबडा भोपळा घालावा कीं न घालावा, असा हा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, भोपळ्याला स्वतःची चव ती काय? दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ घातली म्हणजे पिणारास भोपळ्याचा भास आपोआप होतो. मग फळ चिरण्याचा व शिजविण्याचा खटाटोप कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, ज्या पेयांत भोपळा नाहीं त्यास भोपळ्याचें नांव देणें ही उघड फसवणूक होय; शिवाय आमच्या पूर्वजांनीं तो घातला होता! मद्यपानाची भलामण करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं, हें प्रथमच सांगितलेलें बरें. परंतु ‘पूर्वजांनीं घातला होता’ हें विधान इतिहासाच्या प्रांतांतलें असल्यामुळें तें तपासून पाहण्याचा अधिकार न पिणारासही आहे.

इ. स. १६२० च्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ गलबतांतून आलेले इंग्रज प्लिमथ येथें उतरले, त्याचें एक कारण त्यांची शिधासामग्री, विशेषतः बिअर, संपत आली होती, हें त्यांच्याच लेखांत नमूद आहे. इंग्रजांच्या घरीं त्या काळीं बिअर ही चैनीची वस्तु नसून रोजच्या जेवणाचा भाग होती. ती करावयाची म्हणजे माल्ट, अर्थात् मोड आणून वाळविलेले जव, पाहिजेत. जवांस मोड आले म्हणजे त्यांत जें पाचक द्रव्य उत्पन्न होतें, त्याच्या योगानें धान्यांतील पिष्टाची साखर बनते. आणि त्या साखरेवर किण्वाची क्रिया होऊन मद्यार्क तयार होतो. नव्या मुलखांत माल्ट दुर्मिळ होतें. परंतु तेथील मूळ रहिवाशांच्या शेतांत मका आणि घेवडा यांच्या जोडीनें भोपळ्याचे वेल पसरलेले असत. साखर जेथून मिळेल तेथून घ्यावयाची, हा गरजेचा न्याय. त्या न्यायानें भोपळा बिअरच्या भांड्यांत गेला.

ही गरज कोणाची होती, हें रॉबर्ट बेव्हर्ली यानें १७०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासावरून स्पष्ट होतें. तो सांगतो, कीं श्रीमंत लोक इंग्लंडहून आणविलेल्या माल्टची बिअर करीत. गरीब लोक मात्र काकवी आणि कोंडा, मका, मक्याचीं हिरवीं ताटें, बटाटे, पर्सिमन नांवाचें वाळविलेलें फळ आणि भोपळा यांवर भागवीत. गंमत ही, कीं त्या प्रांतांत जव चांगले पिकत. पण माल्ट करण्याची सोय नसल्यामुळें ते पेरण्याची तसदी कोणी घेत नसे. भोपळा कोणाच्या पंक्तीला बसला आहे, हें वाचकांनीं पाहावें. तो काकवीच्या आणि कोंड्याच्या शेजारीं आहे. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यानें १७५७ सालच्या आपल्या टिपणवहींत सौम्य बिअरची कृति लिहून ठेविली आहे; तींतही कोंडा, हॉप आणि काकवी एवढेंच साहित्य आहे.

निव्वळ भोपळ्याच्या बिअरची एक कृति फिलाडेल्फिया येथील ‘अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी’च्या फेब्रुवारी १७७१ च्या कागदांत सांपडते. तिचा सारांश असा : भोपळा डोणींत कुटून सफरचंदांप्रमाणें पिळावा, निघालेला रस पुष्कळ वेळ उकळावा, गराचे तंतु राहूं नयेत म्हणून वर येणारी मळी काढीत जावी, मग हॉप नांवाच्या वेलीचीं कडसर फुलें घालून, निववून, माल्टच्या बिअरप्रमाणेंच तो आंबवावा. या कृतींत माल्ट नाहीं, आणि दालचिनीचा किंवा जायफळाचा एक कणही नाहीं. येथें भोपळा चवीसाठीं आलेला नसून माल्टचा बदली म्हणून आलेला आहे. पुढें माल्ट सर्वत्र मिळूं लागलें तसा हा बदली कामावरून दूर झाला, यांत नवल नाहीं.

मग हा मसाला आला कोठून? तो मद्याच्या कोठीतून आला नाहीं. तो स्वयंपाकघरांतून आला. १७९६ सालीं अमेलिया सिमन्स या बाईचें ‘अमेरिकन कुकरी’ हें पुस्तक हार्टफर्ड येथें छापून निघालें. त्यांत भोपळा, दूध अगर साय, आणि अंडीं यांचें सारण पिठाच्या कवचांत भरून भाजण्याची कृति आहे. आणि तींत जायपत्री, जायफळ व सुंठ हीं आलीं आहेत. हेंच पक्वान्न ‘पंपकिन पाय’ या नांवानें रूढ झालें. १८६३ सालीं लिंकन यानें नोव्हेंबरांतील कृतज्ञतेचा सण राष्ट्रीय म्हणून जाहीर केला, आणि या सणाच्या ताटांत त्या पक्वान्नाचें स्थान कायम झालें. १९३४ सालीं मॅकॉर्मिक कंपनीनें त्याचा तयार मसालाच डब्यांत भरून बाजारांत आणला. अशा रीतीनें दालचिनी-जायफळाचा वास म्हणजेच भोपळा, हें समीकरण त्या राष्ट्राच्या मनांत बसलें.

इकडे घरीं बिअर करण्याची विद्या मात्र कायद्यानें खुंटली. १९२० सालीं मद्यबंदी आली, ती १९३३ सालीं उठली. परंतु घरीं द्राक्षासव करण्यास जी मोकळीक मिळाली ती बिअरला मिळाली नाहीं. १९७८ च्या ऑक्टोबरांत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें ही उणीव दूर झाली : एकट्या प्रौढास वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन. अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन संस्थानांनीं तर २०१३ पर्यंत वाट पाहिली.

या मोकळ्या हवेंत भोपळा परत आला. कॅलिफोर्नियांतील हेवर्ड येथें लहानशी बिअरशाळा चालविणारा छायाचित्रकार बिल ओवेन्स यानें, पूर्वीं भोपळ्याची बिअर करीत असें वाचून, १९८५ च्या सुमारास एक मोठा भोपळा भाजून माल्टांत घातला. बिअर झाली, पण तींत भोपळ्याची चव कांहीं लागेना. तेव्हां त्यानें दुकानांतून पायचा मसाला आणला, त्याचा काढा केला आणि तो बिअरमध्यें मिसळला. तेव्हांपासून आजची चाल पडली. सध्यांचे हौशी लोक भोपळा भट्टींत भाजून खमंग करितात, गरम पाण्यांत माल्टबरोबर मुरवितात, आणि गर चिकटून रस गळेनासा होतो म्हणून त्यांत भाताचें तूस घालतात.

आतां त्या वादाकडे वळूं. १७७१ च्या बिअरमध्यें भोपळा होता, मसाला नव्हता. आजच्या कित्येक बाटल्यांत मसाला आहे, भोपळा नाहीं. पूर्वजांचा दाखला देणारांनीं एवढें लक्षांत घ्यावें, कीं त्यांच्या मार्गानें जावयाचें तर मसाल्याबरोबर माल्टही वगळलें पाहिजे. तशी बिअर मनापासून कोणास हवी असेल असें वाटत नाहीं. त्यांना हवी असलेली गोष्ट आजीच्या हातच्या पक्वान्नाची आठवण आहे, आणि तींत वाईट कांहीं नाहीं. मात्र त्या आठवणीला इतिहासाचें नांव दिलें, कीं पूर्वजांची ओढाताण नाहींशी होते. कोंड्यावर आणि काकवीवर भागविणारा गरीब माणूस चित्रांतून पुसला जातो, आणि त्याच्या जागीं सणाचें भरलेलें ताट दिसूं लागतें.

अमेरिकेंत डब्यांत भरून विकला जाणारा बहुतेक भोपळा ज्या जातीचा असतो, त्याच जातीचा तांबडा भोपळा आपल्या मंडईंतही येतो. तोही मूळचा अमेरिकेचाच. त्याचे घारगे करितांना आपण गूळ घालतों, जायफळ किसतों आणि वासाची तारीफ करितों. भोपळा नेहमींप्रमाणें गप्प असतो. तो मुळांत आपल्या घरीं कशासाठीं आला, हें विचारण्याचें आपणांसही सहसा सुचत नाहीं.