नागरिक, रयत आणि फैजपूर

वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीचे गाव असलेल्या नशिराबादला आता नगरपरिषद आहे. तेथील माणूस आता कुठे शब्दशः ‘नागरिक’ झाला, असे विनोदाने म्हणता येईल. पण या विनोदात एक जुनी अडचण दडलेली आहे. ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत आणि त्याच्या उलट ‘ग्राम्य’. आपल्या काव्यशास्त्राने तर ग्राम्यत्वाला दोषांतच बसवले. खेड्यातल्या माणसासाठी राज्यकर्त्यांच्या भाषेत शब्द होता तो ‘रयत’. तिने सारा भरावा, वेठ करावी आणि फार तर अर्ज करावा.

नशिराबादहून भुसावळमार्गे तापी ओलांडली की फैजपूरची वाट लागते. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. (फैजपूर तसे मोठे बाजाराचे गाव, पण मुंबई-कलकत्त्याच्या मानाने खेडेच.) अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडपनगरीचे नाव टिळकनगर. नंदलाल बोस यांनी ती बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून सजवली. अधिवेशनाने प्रौढ मताधिकारावर निवडलेल्या घटना समितीची मागणी केली आणि शेतीविषयक कार्यक्रम संमत केला. त्यात सारा व खंड कमी करण्याबरोबरच वेठबिगार नाहीशी करण्याचे कलमही होते.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, प्रांतिक निवडणुका झाल्या. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मताचा अधिकार मालमत्ता, कर वा शिक्षण यांवर अवलंबून होता. ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे तीन-साडेतीन कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. तेव्हा टिळकनगरासाठी राबलेल्या कित्येकांना मत नव्हते, हे उघड आहे. नागरिकाचे काम त्यांनी आधी केले. हक्क मागाहून आला.

इथपर्यंतची कथा कर्तव्याची थोरवी सांगणाऱ्यांना आवडावी अशी आहे. मला मात्र त्याच अधिवेशनातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकाची नोकरी १९३० मध्येच सोडलेल्या साने गुरुजींनी फैजपूरला मैलासफाईचे काम केले. ते त्यांनी स्वेच्छेने पत्करले होते आणि अधिवेशन संपल्यावर ते टाकून देण्याची मोकळीक त्यांना होती. पिढ्यान्‌पिढ्या जन्मामुळे हेच काम ज्यांच्या माथी आले, त्यांना ती नव्हती. काम एकच, पण एकाच्या बाबतीत आपण त्याला कर्तव्य म्हणतो, दुसऱ्याच्या बाबतीत म्हणू शकत नाही. महार वतनाची गोष्टही हीच. गावकीची कामे ‘कर्तव्य’ म्हणून सांगितली जात, पाणवठा मात्र बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला तळ्याचा प्रश्न हाती घेतला आणि १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे विधेयक मांडले, ते हे ओळखूनच. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

संविधानात मूलभूत कर्तव्यांचे प्रकरण आले १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने. देशात आणीबाणी होती, हजारो माणसे खटल्यावाचून तुरुंगात होती. कर्तव्यांची ती यादी वाचताना तिची जन्मवेळ विसरू नये, असे मला वाटते. यादीत आक्षेपार्ह फारसे काही नाही. पण हक्क स्थगित असताना सांगितलेले कर्तव्य रयतेच्या कानाला ओळखीचेच वाटणार.

साने गुरुजींना हा फरक कळला होता, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. त्यांना स्वतःला मंदिराचे दार कधीच बंद नव्हते. हक्क दुसऱ्यांचा होता. तो मिळवून देणे हे त्यांनी स्वतःचे कर्तव्य मानले. दहाव्या दिवशी उपोषण सुटले, मंदिर खुले झाले.

११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली. संविधान अमलात येऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. फैजपूरला मागितलेल्या प्रौढ मताधिकारावर देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. तिच्यात मत द्यायला ते नव्हते.