द्रव्यमान वर्णपटमापन : किरणोत्सर्गी लेशांचे जलद मापन

पाणी, माती, दूध यांतील अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य त्याच्या किरणांवरून न ओळखता, त्याचे अणूच वस्तुमानानुसार निवडून मोजण्याची पद्धत. मार्च २०११ मधील फुकुशिमा अणुभट्टी अपघातानंतर तिची निकड प्रकर्षाने जाणवली, ती मुख्यतः स्ट्रॉन्शियम-९० मुळे.

हा समस्थानिक कॅल्शियमसारखा वागतो आणि पोटात गेला की हाडांत ठाण मांडतो. सीझियम-१३७ चा नमुना गॅमा गणकात नुसता ठेवला तरी ओळखू येतो. स्ट्रॉन्शियम-९० फक्त बीटा कण सोडतो, आणि ते कोणाचे हे एकट्या त्यांच्यावरून सांगता येत नाही. म्हणून प्रचलित रीतीत स्ट्रॉन्शियम आधी रासायनिक क्रियांनी वेगळे काढतात. मग त्यापासून होणारे इट्रियम-९० (अर्धायुष्य ६४ तास) पुरेसे साठेपर्यंत सुमारे दोन आठवडे थांबतात. टाकीतले दूषित पाणी गळते आहे का, या प्रश्नाला इतक्या उशिरा मिळालेले उत्तर फारसे कामाचे नसते.

स्ट्रॉन्शियम-९० चे अर्धायुष्य सुमारे २८.८ वर्षे आहे. त्यामुळे एक बेकेरेल, म्हणजे सेकंदाला एक विघटन, एवढी सक्रियता असायला सुमारे १३० कोटी अणू लागतात. त्या सगळ्यांचे मिळून वस्तुमान जेमतेम ०.२ पिकोग्रॅम. किरणगणकाला सेकंदाला त्यांतला एकच अणू दिसतो. वर्णपटमापकाला उरलेलेही उपलब्ध असतात. पद्धतीचा वेग येतो तो इथून.

प्रयोगशाळांत आयसीपी-एमएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात नमुन्याचा सूक्ष्म फवारा हजारो अंश तापमानाच्या आर्गॉन प्लाझ्मात सोडतात. तिथे अणूंचे आयन होतात आणि विद्युत क्षेत्र हव्या त्या वस्तुमानाचेच आयन पुढे जाऊ देते. खरी अडचण ९० या आकड्यावरच आहे. निसर्गातील झिर्कोनियमचा निम्म्याहून अधिक भाग झिर्कोनियम-९० असतो आणि माती त्याने भरलेली. शिवाय स्थिर स्ट्रॉन्शियम-८८ चा संकेत इतका मोठा, की त्याचे शेपूट ९० पर्यंत पसरते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम स्थिर स्ट्रॉन्शियम असल्याने तो नमुना सर्वांत त्रासदायक ठरतो.

फुकुशिमा विद्यापीठातील योशिताका ताकागाइ व सहकाऱ्यांनी ही अडचण दोन टप्प्यांत सोडवली. उपकरणालाच जोडलेल्या नळीतील रेझीन आम्लयुक्त नमुन्यातले स्ट्रॉन्शियम धरून ठेवते आणि इतर बहुतेक मूलद्रव्ये वाहून जातात. त्यातूनही निसटलेल्या झिर्कोनियमला यंत्राच्या आतील कोठडीत ऑक्सिजन भेटतो. त्याचे ऑक्साइड होऊन वस्तुमान १०६ वर जाते, स्ट्रॉन्शियम बहुतांशी जागेवर राहते. १० मिलिलिटर पाण्याची तपासणी सुमारे १५ मिनिटांत होते आणि लिटरमागे २.३ बेकेरेलपर्यंतचे प्रमाण कळते. जपानमध्ये सांडपाण्यासाठी मर्यादा लिटरला ३० बेकेरेल आहे, तेव्हा छाननीला एवढी संवेदनशीलता पुरते. याहून बारीक मोजायचे तर जुनी, संथ रीतच अधिक भरवशाची. नवी पद्धत तिची जागा घेते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

अर्धायुष्य जितके मोठे, तितका या पद्धतीचा लाभ अधिक. प्लुटोनियम-२३९ (सुमारे २४,१०० वर्षे) आणि प्लुटोनियम-२४० यांच्या अल्फा कणांची ऊर्जा इतकी जवळची, की सामान्य अल्फामापनात दोघांची मोजणी एकत्रच होते. वर्णपटमापक त्यांना वेगळे करतो. प्लुटोनियम-२४० च्या अणुसंख्येचे प्लुटोनियम-२३९ शी गुणोत्तर जुन्या अणुचाचण्यांच्या जागतिक धुळीत ०.१८ च्या आसपास असते, शस्त्रासाठी बनवलेल्या प्लुटोनियममध्ये बरेच कमी. द्रव्य कुठून आले याचा माग त्यावरून लागतो. मात्र इथेही युरेनियम-२३८ ला हायड्रोजन चिकटला की वस्तुमान २३९ होते, म्हणून युरेनियम आधी काढून टाकावे लागते. युरेनियम-प्लुटोनियमच्या अचूक गुणोत्तरांसाठी तप्त तारेवर आयन तयार करणारे वर्णपटमापक वापरतात. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुइंधनाच्या विश्लेषणाचे हे नेहमीचे साधन आहे.

अल्पायुषी द्रव्यांत ही पद्धत मागे पडते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस. एका बेकेरेलमागे अणू अवघे दहा लाख. शिवाय आर्गॉनमध्ये अशुद्धी म्हणून येणारा झेनॉन-१३१ त्याच वस्तुमानावर असतो. अशा वेळी गॅमा गणकच सोयीचा.