दरबार कलम, बाजार कलम आणि घोड्याचे चिलखत

आमच्या हिंडलग्यावरून जाणारा वेंगुर्ल्याचा रस्ता आंबोलीचा घाट उतरवून प्रवाशास सावंतवाडीच्या मुलखात नेतो. मोबाइलवरील खेळांत पैसे भरून घ्यावयाच्या किरकोळ जोडवस्तू घ्याव्यात की नाहीत, हा प्रश्न नातवंडे आता आजोबांपुढेच टाकू लागली आहेत. त्याचा विचार करताना आम्हांस आधी त्या सावंतवाडीचीच आठवण होते.

तेथील दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने. गंजिफेत 'दरबार कलम' आणि 'बाजार कलम' असे दोन प्रकार मानले जात. दरबारी पानांना किनार, बारीक नक्षी, उंची रंग. बाजारी पाने साधी. परंतु मत्स्याचा राजा दोन्हींत सारख्याच मोलाचा. नक्षीसाठी जादा पैसे मोजणाऱ्यास डाव जिंकण्यास तिळमात्र साहाय्य नव्हते. शिवाय ती पाने पेटीत राहत आणि पुढच्या पिढीच्या हाती जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला विझू लागली, तेव्हा शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच तिला आश्रय दिला, हे वाचकांस ठाऊक आहेच.

संगणकीय खेळांतही आरंभी असाच रोख व्यवहार होता. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या खेळाला २००० साली 'द कॉन्करर्स' ही पुरवणी आली, तीत पाच नव्या संस्कृती होत्या. तबकडी घरी येई, ती आपली. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचे चिलखत सुमारे अडीच डॉलरला विकावयास आले. शोभेपलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. त्याची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा विरली, धंदा मात्र वाढला. पुढे बंद पेट्या आल्या. आत काय निघेल ते नशिबावर! २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये अशा पेट्यांतून खेळाडूचे बळच वाढू लागले, तेव्हा एवढा गदारोळ उठला की कंपनीस ती विक्री तूर्त थांबवावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पेट्या जुगारात काढल्या. आमच्या मते तो निर्णय रास्तच होता.

आपल्याकडील धडा निराळा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाइल' होता. मुलांनी खाऊचे पैसे साठवून घेतलेले पोशाख, बंदुकांचे रंग एका आदेशासरशी अधांतरी लटकले. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' या नावाने आला आणि जुने सामान तिकडे नेण्याची सोय मिळाली. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून उतरला, मे २०२३ मध्ये परतला. सरकारी कागद हाताळण्यात हयात गेल्यामुळे आम्ही शर्तींचा मजकूर आधी वाचतो. तेथे विक्री नसते, वापराची परवानगी असते, आणि परवानगी देणाऱ्यास ती काढूनही घेता येते.

तेव्हा नवा प्रदेश, नवी मोहीम, नवा अध्याय देणारी पुरवणी नातवंडाने मागितली, तर पुस्तकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे खुशाल घ्यावी. नुसता पोशाख असेल, तर वाढदिवसाच्या फुग्यांवर करतो तेवढाच खर्च करावा. बंद पेटी मात्र नको. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाचा करार ग्राह्य नाही हे खरे, पण खाते आजोबांचे असले की पैसे परत मिळविताना दमछाक होते. म्हणून आमच्या घरी प्रत्येक खरेदीस पासवर्ड लागतो, आणि तो नातवास सांगितलेला नाही.