हार्वर्ड फॉरेस्ट

* हार्वर्ड विद्यापीठाच्या मालकीचे हे संशोधन-वन अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील पीटरशॅम येथे आहे, स्थापना १९०७. इथे माती तापवण्यासाठी जमिनीत तारा पुरल्या आहेत. १९९१पासून काही तुकड्यांतली माती शेजारच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सिअसने उबदार ठेवून तिच्यातून किती कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे मोजले जाते. इतका चिवट प्रयोग जमीन स्वतःची असल्याशिवाय सहसा तडीस जात नाही. १९३८च्या चक्रीवादळाने इथली पुष्कळ झाडे लोळवली; तशाच पडझडीनंतर रान कसे सावरते हे पाहायला १९९०मध्ये संशोधकांनी विंच लावून धडधाकट झाडे मुद्दाम पाडली! पायवाटा सर्वांना खुल्या आहेत. जाणाऱ्याने आधी फिशर संग्रहालयातील देखावे पाहावेत आणि खुणा केलेल्या जागेत पाऊल टाकू नये. – संपादक