तेरडा घरी आला

आमच्या पहूरला वाघूरच्या बाजूच्या बांधांवर भादव्यात तेरडा फुलायचा. कुणी लावलेला नसायचा. पुढे बांधावर तणनाशक फिरू लागलं, गाजर गवत माजलं आणि तेरडा कधी गेला ते कळलंच नाही. आई म्हणाली, "अंगणात तरी लाव रे."

मी जळगावहून बियांचं पाकीट आणलं. नाव 'बाल्सम'. फुलं आली ती गुलाबासारखी, पाकळ्यांवर पाकळ्या. आईने पाहिलं. "छान आहे, पण हा आपला तेरडा नाही."

मग मी वाचत बसलो, आणि गंमत म्हणजे तो तेरडाच निघाला! मूळचा आपल्याकडचाच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडच्या बागांत पोचला होता. १७५३ साली लिनियसने त्याचं नाव ठेवलं 'इम्पेशन्स बाल्समिना'. इम्पेशन्स म्हणजे उतावीळ, कारण पिकलेल्या बोंडाला हात लागला की ते फुटून बी उडतं. १७६७ साली तिकडे अमेरिकेत थॉमस जेफरसन दुहेरी पाकळ्यांचा तेरडा पेरत होते. माळी जास्त पाकळ्यांच्या झाडांचंच बी राखत गेले. रानातल्या फुलामागे शेपटीसारखी बारीक नळी असते, मध तिच्यात. माझ्या कुंडीतल्या भरगच्च फुलांत ती शोधूनही सापडली नाही.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. पण त्याचं बी चारशे वर्षं जग फिरलं आणि पाकिटातून परत आलं, ते आईला ओळखू येईना.

शेवटी वाकोदच्या बाजूला एका बांधावर साधा तेरडा दिसला. शेतकऱ्याला विचारून थोडी बोंडं घेतली. ती मुठीत धरूनच तोडावी लागतात, नाहीतर हाती नुसती साल राहते. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवलं. चैत्रात घाईने थोडं पेरलं, रोज पाणी घातलं; उगवलं तेवढं उन्हाने करपलं. उतावीळ मीच! उरलेलं मृगाच्या पावसानंतर मातीवर भुरभुरलं, वर चिमूटभर माती. या वेळी रोपं टिकली.

भादव्यात साधी गुलाबी फुलं आली, मागे शेपटी असलेली. आई म्हणाली, "हा."

यंदा थोडी बोंडं मी तोडलीच नाहीत. त्यांची ती फुटू देत. पुडी मात्र एक भरून ठेवली आहे, आमच्या बांधासाठी. तिथे आता फवारणी बंद केली आहे.