व्हीडीआर : एका संशयित जनुकाची कुळकथा

ड जीवनसत्त्वाचा निरोप पेशीत उतरवून घेणारे प्रथिन ज्या जनुकावरून घडते, त्या व्हीडीआर जनुकाची काही रूपे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढवतात, असे विधान गेली दोन-अडीच दशके वैद्यकीय नियतकालिकांत फिरते आहे. ते खरे की खोटे हे ठरवण्याआधी ते जन्मले कसे हे पाहावे, कारण त्याचा अशक्तपणा जन्मजात आहे. मूळ शोधायचे तर १९१९च्या बर्लिनमध्ये जावे लागते. महायुद्धातल्या उपासमारीनंतर तिथल्या मुलांत मुडदूस बोकाळला होता. कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश मुलांच्या अंगावर सोडला आणि हाडे सुधारल्याचे क्ष-किरण चित्रांतून दाखवले. प्रकाश एकाच हातावर पाडला तरी दुसऱ्या हाताचे हाडही भरून येई. अर्थात त्वचा काहीतरी तयार करते आणि ते रक्तावाटे सगळीकडे पोचते. ते ड जीवनसत्त्व. यकृतात आणि मग मूत्रपिंडात एकेक बदल झाल्यावरच ते कामाला लागते, हे पुढच्या अर्धशतकात उलगडत गेले. १९६९मध्ये हॉसलर आणि नॉर्मन यांना कोंबडीच्या आतड्याच्या पेशींत, थेट केंद्रकात, त्याला धरून ठेवणारा ग्राही सापडला. तोवर सगळा मामला हाडांचा आणि कॅल्शियमचा होता. कर्करोग या घराण्यात शिरला तो १९८१मध्ये. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींतही हा ग्राही आहे आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप दिले की काचेच्या बशीतली त्यांची वाढ मंदावते, असे कोल्स्टन, फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. १९८८मध्ये मानवी ग्राहीचा जनुकीय मजकूर वाचून झाला आणि संशयिताला नाव-गाव मिळाले.

इथवरची वंशावळ निकोप आहे. गडबड पुढे झाली. माणसामाणसांत या जनुकात कुठे फरक असतो हे शोधायला त्या काळी एकच सोपे साधन होते : जिवाणूंपासून मिळणारी, डीएनए ठरावीक जागी कापणारी विकरे. ज्या जागी एकाचा डीएनए कापला जाई आणि दुसऱ्याचा नाही, तो फरक हाती लागे आणि त्याला त्या विकराचेच नाव मिळे : बीएसएमआय, एपीएआय, टीएक्यूआय, एफओकेआय. यांतल्या पहिल्या तिन्हींनी प्रथिनाची घडण मुळीच बदलत नाही. एफओकेआयने मात्र ४२७ ऐवजी ४२४ अमिनो आम्लांचा, किंचित तडफदार ग्राही तयार होतो. म्हणजे हे फरक निवडले गेले ते महत्त्वाचे होते म्हणून नव्हे, दिसत होते म्हणून. १९९४मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की हाडांची घनता याच रूपांवरून सांगता येते. १९९७मध्ये नमुन्यांतल्या चुकांमुळे त्यांना दुरुस्ती छापावी लागली. परिणाम बराच ओसरला. पण तोवर ही स्वस्त चाचणी जगभरच्या प्रयोगशाळांत बसली होती, आणि हाडांवरून ती हळूहळू एकेका कर्करोगाकडे वळली. २०००मध्ये ब्रिटनमधून या रूपांना मेलानोमाशी जोडणारा निबंध आला.

यावर आक्षेप असा की पुढे अनेक अभ्यास एकत्र करूनही बीएसएमआयचा मेलानोमाशी थोडा संबंध दिसलाच. २००८चे इटलीतले संकलन तसेच सांगते. दिसला, हे खरे. पण तो क्षीण आहे आणि अभ्यास बदलला की डळमळतो. पूर्वग्रह न ठेवता सगळा जनुकसंच चाळणारे अभ्यास सुरू झाले, तेव्हा ठळकपणे पुढे आली ती वर्णाशी निगडित एमसी१आरसारखी आणि पेशीविभाजनाला लगाम घालणारी सीडीकेएन२एसारखी जनुके. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्राहीचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या त्वचेत गाठी सहज होतात, त्याचे काय? मला वाटते, घराचा पायाच उखडणे आणि एका विटेचा रंग बदलणे यांत जो फरक, तोच इथे आहे. उंदराचा प्रयोग ग्राही महत्त्वाचा असल्याचे सिद्ध करतो. त्याची किरकोळ रूपे धोका ठरवतात असे नाही.

शिवाय इथे सूर्य स्वतःच साक्षीदार फोडतो. त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे अतिनील किरणच डीएनए बिघडवतात. म्हणून कोपनहेगनच्या एका अभ्यासात रक्तात ड जास्त असलेल्यांना मेलानोमाखेरीजचे त्वचाकर्करोग जास्त आढळले, आणि कोणी घाईने जीवनसत्त्वालाच दोषी धरले असते. गुंता सोडवायला पुन्हा जनुकेच उपयोगी पडली, पण वेगळी. २०१०मध्ये रक्तातली ड पातळी ठरवण्यात हात असलेली जीसी, डीएचसीआर७, सीवायपी२आर१ ही जनुके निश्चित झाली. ती जन्मतःच वाटली जातात. कोण किती उन्हात बसला याचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यांच्या आधारे २०१८मध्ये कोपनहेगनच्या ९७,८४९ लोकांत आणि २०२०मध्ये मेलानोमाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय माहितीत तपासले, तेव्हा कमी-जास्त ड आणि कर्करोग यांत कार्यकारणभाव मिळाला नाही. ही जनुके पातळीतला थोडाच फरक समजावतात, तेव्हा तीव्र कमतरतेचा परिणाम निसटू शकतो, ही शंका मला रास्त वाटते. लीड्समध्ये मेलानोमाच्या निदानाच्या वेळी ड कमी असलेल्यांच्या गाठी जाड निघाल्या आणि जगण्याचे प्रमाण कमी दिसले, तेही विसरता येत नाही. मात्र तो झालेल्या रोगाच्या वाटचालीचा प्रश्न आहे, रोग होण्याचा नव्हे. दोन्ही एकाच दाव्यात कोंबल्यानेच हा वाद इतका लांबला.

आणि हे जवळपास सगळे पुरावे गोऱ्या युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आणि त्वचेचा कर्करोग मात्र दुर्मीळ. दोन्हींत त्वचेतल्या रंगद्रव्याचा मोठा वाटा आहे. इथे मेलानोमा होतो तोही बरेचदा तळपायावर, जिथे ऊन पोचत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. व. रा. खानोलकरांनी १९४५मध्ये नोंदवलेला धोतराचा कर्करोग तर कमरेला, कापड घट्ट आवळून वर्षानुवर्षे काचत राहिल्याने होणारा. अशा ठिकाणी बीएसएमआय आणि टीएक्यूआयची रूपे पाहून त्वचेच्या कर्करोगाचे भाकीत करणारा जनुकचाचणीचा अहवाल पैसे मोजून घ्यावा असे काही नाही.