अमेरिकेची बालमजुरी घटनादुरुस्ती : २८ राज्यांचा होकार, तरीही अपुरी

बालमजुरीवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला देणारी घटनादुरुस्ती अमेरिकेच्या संसदेने जून १९२४ मध्ये मंजूर केली. ती आजवर लागू झालेली नाही. पण रद्दही झालेली नाही. अडलं ते राज्यांच्या विधिमंडळांत.

गरज का पडली?
त्या काळी कामगार कायदे राज्यांच्या हातात होते. एखाद्या राज्याने कडक कायदा करायचं म्हटलं की गिरणीमालक ओरडायचे, शेजारच्या राज्यात पोरं स्वस्तात राबतात, मग आम्ही टिकायचं कसं? म्हणून १९१६ मध्ये केंद्राने कायदा केला : १४ वर्षांखालील मुलांना राबवणाऱ्या कारखान्याचा माल राज्याबाहेर जाणार नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका गिरणी कामगाराने आपल्या दोन मुलांसाठी त्याविरुद्ध दावा लावला. पाठबळ गिरणीमालकांचं होतं. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द केला. पुढे अशा मालकांवर कर बसवला, तोही १९२२ मध्ये रद्द झाला. मग घटनाच बदलायचं ठरलं.

राज्यांनी काय केलं?
तेव्हा ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती. आर्कान्सासने त्याच महिन्यात पहिला होकार दिला. पण मसुद्यात '१८ वर्षांखालील व्यक्तींचे श्रम' असे शब्द होते. विरोधकांनी प्रचार केला की आता घरच्या शेतात पोराने हात लावला तरी सरकार येईल. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी त्याच वर्षी मोठ्या फरकाने नकार दिला. १९३३ मध्ये मंदीमुळे बेकारी वाढली, मोठ्यांनाच काम मिळेना, तेव्हा एकाच वर्षात १४ राज्यं पुढे आली. १९३७ पर्यंत आकडा २८ वर गेला आणि तिथेच थांबला.

आज स्थिती काय?
१९३८ मध्ये केंद्राने नवा कामगार कायदा केला. १९४१ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरत १९१८ चा निकाल फिरवला. त्यामुळे घटनादुरुस्तीची निकड संपली. मात्र तिला मुदत नव्हती, म्हणून कागदोपत्री ती जिवंत आहे. राज्यं ५० झाल्याने आता ३८ मंजुऱ्या लागतात, म्हणजे आणखी १०. आणि पहिला होकार देणाऱ्या आर्कान्सासनेच २०२३ मध्ये १६ वर्षांखालील मुलांसाठीची सरकारी कामपरवान्याची अट काढून टाकली.

आपल्याकडे?
भारतात हा पेच आला नाही. कलम २४ नुसार १४ वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोकादायक कामांवर ठेवायला घटनेतच बंदी आहे. कामगार विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्राचा १९८६ चा बालमजुरी कायदा सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच लागू होतो. २०१६ पासून १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर बंदी आहे. शाळा सांभाळून घरच्या बिनधोक धंद्यात मदत करायला सूट आहे.